चारशे सतराचा ठिपका

अण्णा,

आधी जे घडले ते क्रमाने लिहिते. मते नंतर.

१. पुढच्या महिनाअखेरीस आपले कलकत्त्याचे ड्रॉइंग ऑफिस बंद होते आहे. चहा वाळवायच्या यंत्रांची सगळी ड्रॉइंग्ज यापुढे सिंगापूरला तयार होतील. बेहालाचा कारखाना सध्या राहील, सुट्या भागांपुरता.

२. ऑफिसात आम्ही बत्तीस जण आहोत. एकतीस जातील. मी सहा महिने राहीन, तिकडून शंका आल्या तर उत्तरे द्यायला.

३. सगळ्या जुन्या ट्रेसिंग्जची फिल्म घेऊन झाली आहे. त्याआधी आम्ही त्यांच्यावरचे ठिपके खोडले. एकशे चौदा ठिपके होते. त्यांतले एकोणचाळीस मी खोडले.

४. माझ्या वाट्याला ४१७ क्रमांकाचे ड्रॉइंग होते. त्यावरचा ठिपका तुम्ही दिलेला होता.

५. तुमची काळी वही माझ्याकडे आहे. ती मोडीत आहे. ऑफिसात मोडी वाचणारी मी एकटी.

६. फिल्मचे डबे आणि प्रत्येक ड्रॉइंगचा तपासणीचा कागद शुक्रवारच्या विमानाने जातील. तपासनीस म्हणून त्या कागदांवर सही माझी लागते.

७. तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली.

सातवा मुद्दा तुम्हाला सांगायची गरज नव्हती. यादी अर्धी सोडू नये असे तुम्ही शिकवले होते म्हणून लिहिला.

आज रविवार, दुपारचे तीन. आई इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला गेली आहे. वीज गेली आहे, ती पाचपर्यंत येणार नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिते आहे. रविवारी तुम्ही याच टेबलावर बोर्ड मांडायचात आणि आईला जमिनीवर बसून पोळ्या लाटाव्या लागायच्या. तुम्ही गेलात, टेबल रिकामे झाले, पण ती अजूनही खाली बसूनच लाटते. मी दोनदा सांगून पाहिले, मग सोडून दिले. तुमच्या फोटोला ती रोज हार घालते आणि कुणी घरी आले की सांगते, ह्यांनी आयुष्यात एक काम अर्धवट सोडले नाही. गेल्या महिन्यापासून मला ते वाक्य ऐकताना पाणी प्यायला आत जावे लागते. तिला मी काही सांगितलेले नाही. सांगणारही नाही, तिच्याजवळ तुमच्याखेरीज काही नाही आणि मी काढून घेतलेल्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरे काही नाही. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण हा कागद चुकून ऑफिसच्या पिशवीत गेला तर तिथे कुणाला तो समजू नये. हे कारण तुम्हाला पटेल. तुमचेही तेच होते.

ठिपक्यांची पद्धत तुमच्या आधीची आहे. मूळ ड्रॉइंग्ज विलायतेच्या मुख्य ऑफिसची. त्यांतली एक रेघही तिथल्या परवानगीशिवाय बदलायची नाही, आणि परवानगीचे पत्र बोटीने जाऊन यायला चार महिने. यंत्रे मात्र आसामच्या मळ्यांत पावसाळ्यापूर्वी उभी राहायला हवीत. मग कुणीतरी शहाण्याने वाट काढली. ड्रॉइंगमध्ये चूक सापडली की ती दुरुस्त करायची नाही; क्रमांकाच्या उजवीकडे पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा, मोहरीएवढाही नाही. त्याचा अर्थ बेहालाच्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असायचा: आम्हाला विचारल्याशिवाय धातूला हात लावू नका. खरे माप चिठ्ठीवर जायचे, काम झाले की चिठ्ठी फाडली जायची. कागदोपत्री मुख्य ऑफिसचे ड्रॉइंग निर्दोष आणि आपले यंत्रही निर्दोष. ही पद्धत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती हुशारीची वाटली होती. आता वाटते, ज्या ऑफिसात चूक दाखवण्यापेक्षा लपवणे सोपे असते तिथे माणसे तीस-तीस वर्षे मन लावून नोकरी करतात.

खरी मापे सुरुवातीला पाच-सहा जणांच्या डोक्यात असायची. मग ती तुमच्या काळ्या वहीत जाऊ लागली, आणि त्याच सुमारास तो इंग्रज ड्राफ्ट्समन आला. त्याची गोष्ट तुम्ही जेवताना इतक्या वेळा सांगितलीत की माझ्याही ती तोंडपाठ आहे. विलायतेतले त्यांचे ड्रॉइंग ऑफिस कमी करून काम कलकत्त्याला आणायचे ठरले, कारण त्याच्या एका पगारात तुमच्यासारखे सात जण बसत. त्यालाच सहा महिने इथे पाठवले, तुम्हाला शिकवायला. शिकवून झाले की त्याची नोकरी संपणार होती आणि हे त्याला माहीत होते. तुम्ही सांगायचात की तो उन्हाने लाल व्हायचा, हातरुमालात बर्फ बांधून मानेवर धरायचा, आणि शेवटच्या दिवशी निघताना त्याने तुमच्याशी हात मिळवला नाही. इथे तुम्ही हसायचात. आईही हसायची. मी वरण कालवत हसायची. साहेबाला त्याच्याच पेन्सिलीने काढला, असे तुमचे वाक्य होते. तो परत जाऊन काय करत होता हे आपल्या घरात कुणी कधी विचारले नाही.

आता ऐका. सिंगापूरहून जो माणूस आला आहे तो तिशीचा आहे, नीटनेटका, पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सहा आठवडे मी त्याला शिकवते आहे. तो हुशार आहे, हे सांगताना मला त्रास होतो. पहिल्या दिवशी ऑफिसात कुणी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या बोर्डावरचा दिवा कुणीतरी काढून नेला, मुरमुरे विकणारा मुरीवाला आला तेव्हा सगळ्यांनी कागदी ठोंगे घेतले आणि त्याला कुणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या स्टुलाचा एक पाय कापलेला निघाला, अर्धा इंच. तो पडला. कुणी हसले नाही, तेच जास्त वाईट होते. तो उठला, खिशातला कागद चौकोनी घडी करून पायाखाली सरकवला आणि बसला. बोडोबाबू माझ्याजवळून जाताना म्हणाले की पाय कापणाऱ्याला मापही नीट घेता आले नाही, एका घडीत भरून निघाले. असले कारागीर असतील तर काम सिंगापूरला जायलाच हवे.

बोडोबाबू म्हणजे तुमचे तेच सहकारी, तुमच्या शेजारच्या बोर्डावरचे. आता हेड ड्राफ्ट्समन आहेत. मला नोकरी त्यांनीच दिली. पॉलिटेक्निकची पदविका घेऊन मी गेले तेव्हा आताचे मॅनेजर साहेब म्हणाले होते, मुलींना ट्रेसिंगला बसवतो, डिझाइनला नाही. बोडोबाबूंनी तुमची वही साहेबांपुढे ठेवली आणि विचारले, हिच्याशिवाय ही कोण वाचणार? ते त्यांचे उपकार आहेत आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत. गेल्या वर्षी त्यांना सॉल्ट लेकला जमिनीचा तुकडा मिळाला. नुसती वाळू आहे, पण त्यांनी चार खांब उभे केले आहेत आणि दर रविवारी सत्तर मिनिटांचा बसप्रवास करून ते त्या खांबांकडे बघून येतात. नोटीस लागल्यावर ते पहिल्यांदा हेच म्हणाले, की आता खांबांवर ताडपत्री टाकून राहीन. त्यांचे वय चौपन्न आहे. या शहरात चौपन्न वर्षांच्या ड्राफ्ट्समनला कोण घेते? निम्म्या कंपन्यांच्या फाटकांना कुलूप आहे आणि उरलेल्या निम्म्या कुलूप शोधताहेत.

नोटिशीवर लिहिले होते की परदेशात काम जास्त सुरळीत होईल. आमच्यातला एकजण मोठ्याने म्हणाला, मग पेन्सिलींना टोक करायलाही तिकडेच पाठवा. आठ दिवस असले विनोद चालले. साहेबांना पाच तास खोलीत कोंडून झाले. त्यांनी खोलीत बसून शांतपणे टपाल वाचले आणि बाहेर येऊन सांगितले की नेमके यामुळेच काम तिकडे जाते आहे. तेव्हा युनियनच्या बैठकीत कुणाला तरी ठिपके सुचले. कंपनीला ठिपके माहीतच नाहीत. फिल्मवर ठिपका पुसट का होईना, येईल. तिकडून येणारा शिकाऊ विचारेल. विचारले की सांगावे लागेल. पण ठिपकाच नसेल तर? ते ड्रॉइंगप्रमाणे यंत्र बनवतील, ते चालणार नाही, आणि सहा महिन्यांत कंपनी आमच्या दारात येईल. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मतमोजणी मीच केली, बत्तीस.

दोन दिवस आम्ही खोडत होतो. तुम्ही ते दृश्य पाहायला हवे होते. उत्तरेच्या खिडक्यांखाली ओळीने बोर्ड, प्रत्येकावर मान खाली घातलेला एकेक माणूस, आणि कुणीही काहीही काढत नाही, सगळे पुसताहेत. ट्रेसिंगच्या कापडावर नुसते खोडले तर जागा चमकते. मऊ रबराने, एकाच दिशेने, वजन न देता, मग बोटाने शंखजिऱ्याची पूड फिरवायची. हे मला तुम्ही याच टेबलावर शिकवले. मी दहा वर्षांची होते. वर्तुळ काढताना मी कंपासचे टोक जोरात दाबले आणि कागदाला भोक पडले. तुम्ही तो कागद माझ्या डोळ्यांसमोर धरून भोकातून माझ्याकडे पाहिलेत. "रेघ पुसता येते, भोक पुसता येत नाही," म्हणालात, आणि तो कागद महिनाभर जेवणाच्या ताटासमोर भिंतीला टाचून ठेवलात. पाहुणे विचारायचे. तुम्ही म्हणायचात, तिला विचारा. मी प्रत्येकाला सांगायची. त्यानंतर मी कधी भोक पाडले नाही. माझे एकोणचाळीसही ठिपके सर्वांत स्वच्छ खोडले गेले. बोडोबाबूंनी भिंग लावून पाहिले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

चारशे सतरावर मी थांबले होते. ते मोठ्या पंख्याच्या शाफ्टचे ड्रॉइंग आहे. जाड शाफ्ट जिथे बारीक होतो तिथे त्याला खांदा पडतो, आणि त्या खांद्याच्या कोपऱ्यात गोलाई ठेवावी लागते. ड्रॉइंगवर ती एक सोळांश इंच आहे. तुमच्या वहीत तीन अष्टमांश आहे. कोपरा तीक्ष्ण राहिला तर फिरता फिरता तिथून शाफ्टला केसासारखी चीर जाते, दिसत नाही, आणि एक दिवस तो तुटतो. एकदा तुटला होता. पंख्याचे पाते पत्रा फाडून बाहेर आले आणि यंत्राच्या तोंडाशी पाने पसरणाऱ्या बाईचा उजवा हात कोपरापासून गेला. हे ऑफिसात सर्वांना माहीत आहे. शाफ्ट वळवणाऱ्या मिस्त्रीने कोपरा तीक्ष्ण ठेवला म्हणून त्याला काढले, आणि मग अण्णांनी ठिपका दिला, पुन्हा तसे होऊ नये म्हणून: अशी ती गोष्ट आहे. बाकीच्या एकशे तेरा ठिपक्यांत यंत्र फक्त चालत नाही. यात ते चालते.

मी बोडोबाबूंना म्हटले की हा एक राहू द्या. सिंगापूरची पहिली ऑर्डर आफ्रिकेतल्या एका मळ्याची बारा यंत्रे आहेत, प्रत्येकात हा शाफ्ट आहे. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग मला लेकीसारखे मा म्हणतात तसे म्हणूनच, अगदी हळू बोलले.

"हात त्यांचे जातील, मा. पोटं आपली जातायत."

मग म्हणाले, एक ठिपका राहिला तर तो विचारेल की हा कशाचा, आणि एकाचा अर्थ कळला की त्याला सगळ्यांचा कळेल. हे तर्काला धरून होते. मी खोडला.

आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात सिंगापूरवाल्याने ४१७ उजेडासमोर धरले. तिरके धरून पाहिले, तुम्ही पाहायचात तसे. क्रमांकाच्या उजवीकडे बोट नेले, टेकवले नाही.

"इथे आधी काही होतं?"

"धूळ," मी म्हटले.

"फार नेमकी धूळ आहे," तो म्हणाला, आणि ट्रेसिंग जागेवर ठेवून दिले. तो मूर्ख नाही. पण त्याला सहा आठवड्यांत हजारभर ड्रॉइंग्ज समजून घ्यायची आहेत आणि ज्या बाईवर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही ती मी आहे. तिकडे ताबा घेतला म्हणून सही त्याची असेल. हात कुणाचा तरी जाईल, आणि नोकरी याची. परवा त्याने मला पेन्सिलींचा डबा भेट दिला. मी घेतला.

त्याने ती धूळ पाहिली त्या दिवशीच संध्याकाळी मला वाटले की शाफ्ट खरोखर तुटतो का, याची निदान खात्री करावी. ऐकीव गोष्टीवर मी काही मानत नाही. म्हणून पुढच्या रविवारी बसने बेहालाला गेले आणि त्या मिस्त्रीला शोधून काढले. फार शोधावे लागले नाही. एका गल्लीत पत्र्याखाली त्याचा एकच लेथ आहे, तो शिलाई मशीनचे भाग वळवतो. सत्तरीचा असेल. मी कुणाची कोण ते सांगितले तेव्हा त्याने लेथ बंद केला नाही, फक्त हात पुसले. मी विचारले, कोपरा तीक्ष्ण तुम्ही का ठेवलात? तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, मला कीव येईपर्यंत, आणि मग माझ्या लक्षात आले की कीव त्याला येते आहे.

"मैंने पूछा था," तो म्हणाला. "बाबू, कोना चाकू जैसा है, थोड़ा गोल कर दूँ? बाबू बोले, ड्रॉइंग में जो है वो बनाओ, अक़्ल मत लगाओ।"

मी म्हटले, तेव्हा वडिलांना माहीत नसेल. तो हसला. "अक़्ल लगाता तो उसका हाथ रहता, मेरी नौकरी जाती। नहीं लगाई तो दोनों गए।"

त्याने नोकरीवरून काढल्याचे पत्र जपून ठेवले आहे, तेलकट पाकिटात. त्यात शाफ्ट वळवल्याची तारीख आहे आणि अपघाताची आहे. मी दोन्ही उतरवून घेतल्या. निघताना मी त्याला आणखी एक विचारले: तुम्ही विचारल्यावर, उत्तर देण्याआधी, ते थांबले होते का? थोडेसे? तो म्हणाला, मला काय माहीत बेटी, मी तर हत्याराकडे बघत होतो.

घरी येऊन मी वही काढली. तुम्ही प्रत्येक टिपेखाली तारीख घालायचात. इतकी वर्षे मी मापे वाचत होते, तारखा नाही. चारशे सतराची टीप अशी: "शाफ्टचा खांदा, गोलाई ३/८ हवी, साहेबाने सांगितले. १/१६ ने तुटेल." खाली तारीख. त्या इंग्रज साहेबाच्या शेवटच्या आठवड्यातली. मी वजाबाकी केली, मग पुन्हा केली. टीप आणि शाफ्ट यांत नऊ दिवस आहेत. शाफ्ट आणि हात यांत एकाहत्तर.

म्हणजे त्याने हात मिळवला नाही, पण जाताना खरे माप सांगून गेला. ज्याची नोकरी तुम्ही घेत होतात त्या माणसाने. आणि तुम्ही ते मोडीत उतरवून घेतलेत. सातारच्या जमाबंदी कचेरीत नकला करताना शिकलेली लिपी, कलकत्त्यात दुसऱ्या कुणाला न येणारी. तेव्हा तुम्हाला तपासनीस करायचे की बोडोबाबूंना, हे ठरायचे होते. ज्याला सर्वांत जास्त माहीत तो तपासनीस होणार. म्हणून नऊ दिवसांनी मिस्त्रीने विचारले तेव्हा तुम्ही ते सांगितले नाहीत, कारण कारखान्यात सांगितलेले माप सर्वांचे होते. शाफ्ट मळ्यावर जाऊन बसला, फिरू लागला, एकाहत्तर दिवस फिरत राहिला. एक तार पुरली असती. त्या दिवसांत तुम्ही तपासनीस झालात. त्याच दिवसांत माझा नववा वाढदिवस होता आणि तुम्ही मला कंपासपेटी आणलीत, निळ्या मखमलीची, जर्मन. झाकणाच्या आत तुमच्या हाताने तारीख आहे. पस्तिसावा दिवस. मी अजून तीच वापरते. पॉलिटेक्निकच्या परीक्षा मी तिच्यावर दिल्या, एकोणचाळीस ठिपके खोडताना ती माझ्या डाव्या हाताशी होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही मला मोडी शिकवलीत. रोज दुपारी दोन पाने. बोरू धरायला, हात न उचलता ओळ ओढायला. मंडळातली इतर मुले मराठी धड बोलत नव्हती आणि माझे वडील मला अशी लिपी शिकवत होते जी आईलाही येत नाही. मला वाटले होते की हा आपल्या दोघांचा खेळ आहे. इतकी वर्षे तुमची आठवण यायची ती त्या दुपारींची यायची. तुम्ही किल्लीची दुसरी प्रत करून ठेवत होतात, एवढेच. मुलगी असल्याने ती चोरीला जाणार नाही असेही वाटले असेल. तुम्ही वेळेवर मेलात अण्णा. विचारायला कुणी येण्याआधी, आणि मला तारखा वाचता येण्याआधी. मी शववाहिनीच्या मागे रस्त्याच्या टोकापर्यंत पळाले होते. आज चालतही गेले नसते.

हे लिहून मला बरे वाटेल असे वाटले होते. तसे झाले नाही, कारण पुढचा भाग माझा आहे. सात वर्षे मी त्या ऑफिसात आहे. सात वर्षांत कधीही मी ती वही सरळ देवनागरीत, इंग्रजीत उतरवून बोडोबाबूंच्या हाती देऊ शकले असते. चार रविवारांचे काम. त्यांनी एकदा सुचवलेही. मी म्हटले, वेळ मिळाला की. बेहालाहून फोन यायचा, सगळे माझ्याकडे बघायचे, मी खण उघडून वही काढायची, दोन मिनिटे पाने उलटायची आणि माप सांगायची. बहुतेक मापे मला पाठ होती. तरी पाने उलटायची.

तुमची टीप मोडीत, माझे मौन साध्या मराठीत.

तपासणीच्या कागदावर खाली छापलेले असते: मूळ ट्रेसिंगशी पडताळले, जोडण्यासारखी टीप नाही. त्याखाली सही. हजारभर कागदांवर ते वाक्य खरे आहे. एकशे तेरांवर खोटे आहे आणि त्याचे मला काही वाटत नाही. यंत्र चालले नाही तर कंपनीचे नुकसान होईल आणि ते व्हावे. आमच्याशी कंपनीने जे केले ते मी माफ केलेले नाही. ती माझ्याकडून सहा महिने उत्तरे घेणार आहे आणि मग मलाही काढणार आहे, हे मला त्या इंग्रजाइतकेच माहीत आहे. फरक एवढाच की त्याने खरे माप सांगितले. मी रोज ठरवते की ४१७च्या कागदावर एक ओळ लिहायची, गोलाई तीन अष्टमांश, आणि रोज बोडोबाबूंचे चार खांब दिसतात. ती ओळ वाचली की सिंगापूरवाला धुळीचा अर्थ लावेल, एका संध्याकाळी उरलेले एकशे तेरा विचारील, आणि एकतीस माणसांच्या हातात काहीही उरणार नाही. ओळ नाही लिहिली तर आफ्रिकेत बारा शाफ्ट फिरू लागतील आणि मी दिवस मोजीन. मला मोजता येते.

हे पत्र टाकायला पेटी नाही. वहीत ठेवीन, चारशे सतराच्या पानात.

एक सांगायचे राहिले. मी अजून ठरवते आहे असे वर लिहिले, ते पूर्ण खरे नाही. ४१७च्या कागदावर मी काल, शनिवारी, साडेबाराला सही केली. ओळ न लिहिता. सही चांगली आली. तुमच्या सहीसारखी आली. कागद अजून माझ्या खणात आहे. गुरुवारी चार वाजता बोडोबाबू पाकिटाला लाख लावतील, तोवर तो बाहेर काढता येतो.

मिस्त्रीने विचारले तेव्हा, अक़्ल मत लगाओ म्हणण्याआधी, तुम्ही थांबला होतात का? कारणे नकोत. होय किंवा नाही, एवढेच गुरुवारी दुपारी चारच्या आत कळवावे. उत्तर न आल्यास ते 'नाही' असे धरले जाईल.